बँडची सुपारी

कार्तिकात तुळशीचे लग्न लागले की बँडवाल्यांचे वर्ष सुरू होते आणि आषाढी एकादशीला देव निजले की ते सरते. मधल्या महिन्यांतही पौष कोरडा जातो, गुरू-शुक्राचा अस्त आडवा येतो, अधिकमास पडला तर आणखी एक महिना हातचा जातो. उरलेल्या तिथींपैकी ज्या दाट असतात त्या दिवशी तालुक्यातील गावोगाव एकदमच मांडव पडत असल्यामुळे, एरवी आठवडाच्या आठवडा रिकामी बसलेली माणसे त्या एका दिवशी मात्र कोठेच पुरेशी मिळत नाहीत. मिरजेच्या पूर्वेकडील दुष्काळी टापूतील एका गावच्या बँडमध्ये काही हंगाम दुय्यम क्लॅरिनेट वाजवण्याचे काम मी केले. त्या काळात या धंद्यातील चढउतार पंचांगाच्या पानांत आधीच छापून येतात हे जसे मला समजले, तसेच पंचांगात न छापलेले त्याचे एक दुखणेही दिसून आले; आणि लिहिण्याचे प्रयोजन ते दुखणे हेच आहे.

सुपारी घेण्याचा रिवाज सर्वत्र जवळजवळ सारखाच आहे. मुलीचे किंवा मुलाचे वडील दोघा-चौघा भावकीच्या मंडळींसह बँडच्या दुकानी येतात, चहा होतो, तारीख आणि मुहूर्त सांगितला जातो, आणि मग पहिला प्रश्न येतो तो, “माणसं किती आणणार?” हाच. काय वाजवणार, कोण वाजवणार, क्लॅरिनेट कोणाच्या हाती आहे, हे क्वचितच कोणी विचारते. बिदागी ठरते ती डोक्यांवर: पंधरा माणसांचे इतके, एकवीस माणसांचे इतके, इसार घेऊन वहीत नोंद करावयाची ती त्याच हिशोबाने. या एका दस्तुराचे परिणाम दूरवर पोचतात. दर जर माथ्यावर मिळत असेल तर ज्याने दहा वर्षे ओठ झिजवले तो आणि ज्याने काल प्रथमच लाल कोट अंगात चढवला तो, हे दोघेही गिऱ्हाइकाच्या लेखी सारखेच ठरतात. म्हणून दाट तिथीला मालक वस्तीवरील दोन-चार पोरांना जरीच्या खांद्यांचे कोट आणि तुऱ्याच्या टोप्या चढवून, हाती न वाजणारी पितळी वाद्ये देऊन रांगेत उभे करतात. मालकाला मी यात फारसा दोष देत नाही. हंगामाच्या तोंडाशी, दिवाळीला, त्याने चांगल्या वादकांना उचल दिलेली असते, ती अनेकदा कर्ज काढून. आणि मोजणी माणसांचीच होणार असेल तर माणसेच पुरवणे त्याला भाग पडते.

वस्तुतः या कामातील कसब माणसे मोजून कळण्यासारखे नाही. बैठकीतील गवयाची लय त्याच्या स्वाधीन असते; बँडमास्तराला ती नाचणाऱ्यांच्या पायांतून, घोड्याच्या चालीतून आणि भटजींच्या घड्याळातून उचलावी लागते. मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंतचे अंतर कितीही थोडे असो, तेवढ्यात मास्तर दोन धन्यांची चाकरी करीत असतो: नवरदेवाच्या मित्रांना जागचे हलावयाचे नसते, आणि वधूचा मामा मुहूर्त टळतो म्हणून मागून तगादा लावीत असतो. नाचणाऱ्यांना कोणी हाताने ढकलून पुढे नेऊ शकत नाही. त्यांच्या पायांखालची लय अलगद काढून घ्यावी लागते. आमचे मास्तर अशा वेळी क्लॅरिनेटची तोटी किंचित वर उचलीत. तेवढ्या खुणेवर साइड ड्रमवाला नाचाचा ठेका सोडून सरळ कूच धरी, पुढची रांग वाजवता वाजवताच दहा-बारा पावले निघून जाई, आणि आवाज दूर जाऊ लागला की नाचणारे आपण होऊन त्याच्यामागे चालू लागत. हे मी अनेकदा जवळून पाहिले, तरी ती तोटी नेमकी कोणत्या क्षणी वर जावी हे मला अखेरपर्यंत साधले नाही. कारण ते कानाने ठरत नसून समोरच्या माणसांच्या चेहऱ्यांवरून ठरत असे.

वाद्यांचीही स्वतःची प्रकृती असते. आमची क्लॅरिनेटे काळी पाचची, त्यामुळे सारा बँड त्याच षड्जावर बांधलेला. पण वैशाखातील भर दुपारी नळीतील हवा तापली म्हणजे स्वर वर सरकतो, आणि पहाटेच्या गारव्यात तोच खाली बसतो, सबब देवळापाशी जुळवलेली वाद्ये मांडवापाशी पुन्हा जुळवावी लागतात. खडबडीत रस्त्यावर चालताना पाऊल चुकले की कॉर्नेटचे तोंड थेट दातांवर आदळते आणि ओठ आतून फाटतो. हंगामाच्या अखेरीस बहुतेक कॉर्नेटवाल्यांचे ओठ सुजलेले असतात. सर्वांत कठीण काळ मात्र न वाजवण्याचा. मंगलाष्टके सुरू झाली की घरातील प्रत्येक आत्या आणि मावशी आपले स्वतंत्र कडवे म्हणते, तोवर बँड मांडवाबाहेर उन्हात उभा. क्लॅरिनेटची वेताची पत्ती वाळली तर पहिलाच स्वर चिरकावयाचा, म्हणून मास्तर ती सारखी जिभेने ओली ठेवीत. बाहेरून अंतरपाट दिसत नाही. मांडवाच्या दाराशी रुमाल घेऊन एक पोर उभे केलेले असते. तो रुमाल खाली आला की अक्षता, टाळ्या आणि बँड हे तिन्ही एकाच क्षणी पडावे लागतात. अर्ध्या श्वासाचाही उशीर त्या घरच्या मंडळींच्या आठवणीत जन्मभर राहतो, ही जाणीव ठेवून उभे असलेले ते घामेजलेले वादक मी पाहिले आहेत आणि त्यांच्याविषयी मला नितांत आदर आहे.

हा बाजा मूळचा पलटणींचा. बडोद्यासारख्या संस्थानांनी तो पदरी बाळगला, आणि संस्थाने विलीन होण्याच्या कितीतरी आधीपासून तो लग्नाच्या वरातींत शिरला होता. मेरठच्या नादिर अली आणि कंपनीसारख्या पेढ्या, ही १८८५ पासूनची, पितळी वाद्ये देशभर पुरवीत आल्या. आमच्याकडे ती हाती आली ती बहुतांशी त्याच समाजांच्या, ज्यांच्याकडे सनई, हलगी आणि ताशा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला होता. आणि वाद्य बदलले तरी ज्या शुभकार्याचा आरंभ यांच्या फुंकरीवाचून होत नाही त्याच मांडवात यांची पंगत सर्वांत शेवटी बसावयाची, हा अन्याय पुष्कळ काळ तसाच चालू राहिला. अजूनही काही गावी जेवणाचे ताट मांडवामागे आणून दिले जाते. मी ते ताट घेतलेले आहे, आणि त्यातील पुरणपोळी गोड लागली नाही.

गाणी सिनेमाची. वरात पुढे सरकावयाची ती ‘आदमी सडक का’ (१९७७) मधील दोस्ताच्या लग्नाच्या गाण्यावर, आणि मुलगी सासरी निघाली की ‘नीलकमल’ (१९६८) मधील बिदाईचे गीत. या दोन्ही चाली एकाच संगीतकाराच्या, रवी यांच्या, हे वाजवणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. ‘नागिन’मधील (१९५४) पुंगीची धून अजूनही मागितली जाते. मूळ ध्वनिमुद्रणात ती कल्याणजींनी क्लॅव्हियोलिन या विजेच्या वाद्यावर वाजवली होती. आमचे मास्तर ती क्लॅरिनेटवर, भोके अर्धवट झाकून आणि ओठ सैल सोडून, अशी काढीत की एका स्वरातून दुसऱ्यात उतरताना मध्ये कोठे सांधा लागू नये. मुलीच्या पाठवणीचे गीत मात्र त्यांनी कधीच कोणा दुसऱ्याला वाजवू दिले नाही. तेवढ्यापुरते ढोल बंद, युफोनियमने एक खर्ज धरून ठेवावयाचा, आणि वर एकटे क्लॅरिनेट. ते ऐकताना मुलीच्या बापाला रडू आले नाही असे मला आठवत नाही.

उतार आले तेही सांगितले पाहिजेत. डीजेच्या भिंती आल्यापासून तरुण मंडळींचा ओढा तिकडे गेला. त्याला उत्तर म्हणून बँडनेही कीबोर्ड, ऑक्टोपॅड आणि कर्णे लादलेली गाडी काढली, आणि त्या गाडीच्या आवाजापुढे पायी चालणाऱ्या वादकांचे फुंकणे ऐकू येईनासे झाले. माझ्या मते ही गाडी म्हणजे बँडने आपल्याच हाताने लिहून दिलेले राजीनामापत्र होय. २०२० साली तर ऐन गुढीपाडव्याच्या दिवशी टाळेबंदी सुरू झाली, घेतलेले इसार परत करण्याची पाळी आली, आणि पुढे लग्नांना परवानगी मिळाली तीही पन्नास माणसांची. त्या पन्नासांत बँडची वीस माणसे कोण धरणार? आमच्यातील युफोनियमवाल्याने त्या वर्षी द्राक्षबागेत रोजंदारी पत्करली. उचल फिटली नव्हती, म्हणून पुढच्या हंगामात तो परत आला. फिटली असती तर आला असता की नाही, ते सांगता येत नाही.

मी होतो त्या शेवटच्या हंगामात दुकानी एक वृद्ध गृहस्थ आले. राज्य राखीव पोलीस दलाच्या बँडमधून निवृत्त झालेले, नातीचे लग्न ठरलेले. त्यांनी चहा नाकारला आणि मास्तरांना म्हणाले, “मास्तर, आधी वाजवून दाखवा.” मास्तरांनी पेटीतून क्लॅरिनेट काढले, पत्ती बसवली आणि उभ्यानेच पाच-सात मिनिटे वाजवले, मधेच म्हाताऱ्याने हात वर करून एक जागा पुन्हा घ्यावयास लावली, आणि मास्तरांनी ती निमूटपणे पुन्हा घेतली. नंतर त्यांनी आम्हा एकेकाला वाजवावयास सांगितले, पाच जणांना वगळले आणि नऊ जणांची नावे मालकाला वहीत लिहावयास लावली. “एवढेच आणा, कोट नसले तरी चालतील, बिदागी चौदा जणांची घ्या.” मालकाने इसाराची पावती फाडली तेव्हा मास्तर दाराबाहेर जाऊन वगळलेल्या पाचांपैकी धाकट्या कॉर्नेटवाल्याला सांगत होते की, उद्यापासून पहाटे पाचला यायचे, नुसते लांब स्वर भरायला.