दगडाची दुसरी प्रत

धारच्या भोजशाला–कमाल मौला मशीद परिसरात १९०३ साली भिंतीत बसवलेली एक काळी शिळा उजेडात आली. लिहिलेली बाजू आत वळवलेली होती, म्हणूनच अक्षरे शाबूत राहिली. ती शोधणारे काशिनाथ कृष्ण लेले हे पवारांच्या धार संस्थानातले शिक्षणखात्याचे अधिकारी. शिळेवर ८२ ओळींत एक संस्कृत-प्राकृत नाटिका कोरलेली निघाली: परमार राजा अर्जुनवर्म्याचा गुरू मदन याने १२१३च्या सुमारास रचलेली ‘पारिजातमंजरी’. गुजरातच्या चालुक्यांवर विजय मिळवलेल्या राजाच्या छातीवर पारिजाताचा तुरा पडतो आणि त्या तुऱ्याची तरुणी होते, असे तिचे कथानक.

ही नाटिका संपादून छापली ती जर्मन विद्वान ई. हुल्ट्झ यांनी, ‘एपिग्राफिया इंडिका’च्या आठव्या खंडात (१९०५–०६). तोवर ते भारतातली नोकरी सोडून हाले विद्यापीठात रुजू झाले होते. शिळा धारमध्येच राहिली. वाचन झाले ते तिच्या कागदी ठशांवरून.

ठसा घेणे हे शाईने हात काळे करणारे काम. आधी दगड घासून-धुऊन अक्षरांच्या खाचांतली माती, चुना, शेवाळ काढायचे. मग त्यावर ओला कागद पसरून राठ केसांच्या ब्रशने ठोकत राहायचे, म्हणजे कागद खाचांत उतरतो. अर्धवट सुकला की शाईच्या गादीने हलक्या हाताने टिपत जायचे. वरचा भाग काळा होतो, खोलगट अक्षरे पांढरी राहतात. शाई जास्त झाली तर बारीक मात्रा बुजतात आणि ठोकणे कमी पडले तर अनुस्वार हरवतो.

आजच्या भाषेत हा ठसा म्हणजे मूळ डेटा, आणि हुल्ट्झ यांनी छापलेले पाठ म्हणजे त्याचे वाचन. वाचन चुकू शकते. ठसा जवळ असेल तर पुढचा अभ्यासक ते तपासून दुरुस्त करतो; नुसते वाचनच उरले तर चूकही पिढ्यान्‌पिढ्या चालत राहते.

मदनाची नाटिका चार अंकी होती. सापडलेल्या शिळेवर पहिले दोनच अंक आहेत. उरलेले दोन दुसऱ्या शिळेवर कोरले असणार. ती मिळालेली नाही आणि नाटिकेची हस्तलिखित पोथीही हाती आलेली नाही. दगडासारखे टिकाऊ माध्यम असूनही निम्मी रचना गेली. याच परिसरातल्या खांबांवर वर्णमाला आणि संस्कृत क्रियापदांचे प्रत्यय सापाच्या वेटोळ्यांत मांडलेले सर्पबंध आहेत. तसेच सर्पबंध उज्जैनच्या महाकाल मंदिरात आणि निमाडातल्या ऊन गावीही कोरलेले आहेत. हेतू काहीही असो, तीन गावी असलेला मजकूर एका घावात नाहीसा होत नाही.

संगणकाच्या जगात याला ३-२-१ नियम म्हणतात: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर संस्थेवर हल्ला झाला, तेव्हा एकाच इमारतीत संचित ठेवण्याचा धोका मराठी माणसाने डोळ्यांनी पाहिला. पण प्रती काढणारी यंत्रणाही घात करू शकते. डिसेंबर २०२१ मध्ये जपानच्या क्योटो विद्यापीठात बॅकअपच्याच प्रोग्राममधल्या दोषामुळे महासंगणकाच्या साठ्यातला ७७ टेराबाइट डेटा, सुमारे ३.४ कोटी फायली, पुसला गेला. जुन्या नोंदी साफ करायला बसवलेली आज्ञा संशोधकांच्या फायलींवर चालली. म्हणून बॅकअप घेतला एवढ्यावर न थांबता त्यातून फाइल परत काढून, उघडून पाहावी लागते.

आज शिलालेखांचे चहूबाजूंनी फोटो घेऊन त्रिमिती प्रतिमाही करतात. दगडाला कागद चिकटवावा लागत नाही, तिरप्या उजेडात झिजलेले अक्षरही उठून दिसते. मात्र ठसा नुसत्या डोळ्यांनी वाचता येतो. त्रिमिती प्रतिमांच्या फायलींना लागणारे सॉफ्टवेअर वीस वर्षांनी असेलच असे नाही. तेव्हा मूळ फोटो साध्या, सर्वत्र उघडणाऱ्या स्वरूपात ठेवणे आणि कोणी, कधी, कशाचे घेतले याची नोंद सोबत जोडणे, हे त्रिमिती प्रतिमेइतकेच महत्त्वाचे.

हीच काळजी विद्यापीठांतल्या संशोधनालाही लागू पडते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९च्या नियमांपासून पीएच.डी.च्या प्रबंधाची संगणकीय प्रत द्यावी लागते, आणि गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटची ‘शोधगंगा’ असे प्रबंध सांभाळते. पण प्रबंध म्हणजे पुन्हा वाचनच. त्यामागचे फोटो, मुलाखतींचे ध्वनिमुद्रण, मोजमापांचे तक्ते बहुधा संशोधकाच्या लॅपटॉपवर राहतात आणि पदवीनंतर त्याच्याबरोबरच निघून जातात. प्रबंध स्वीकारताना विभागाने हा मूळ ऐवजही मागून घेतला, त्याची एक प्रत आपल्याकडे ठेवली आणि दुसरी परगावच्या ग्रंथालयाला दिली, तर त्या संशोधनाची फेरतपासणी करणाऱ्याला निष्कर्षांवर नुसता विश्वास ठेवून चालावे लागणार नाही.