कोपऱ्यावरच्या दुकानातला नाताळ

नाताळातल्या प्रेमकथांत ‘द शॉप अराउंड द कॉर्नर’चं नाव हमखास निघतं. पण हा चित्रपट लोकांसमोर आला १९४० च्या जानेवारीत, नाताळ उरकल्यावर! कथा बुडापेस्टमधल्या मातुशेक यांच्या दुकानाची. तिथे चामड्याच्या बॅगा, पाकिटं आणि भेटवस्तू मिळतात. क्रालिक (जेम्स स्टुअर्ट) आणि क्लारा (मार्गारेट सुलव्हन) हे दोघे नोकर दिवसभर एकमेकांना पाण्यात पाहतात आणि रात्री टपालपेटीमार्फत निनावी प्रेमपत्रं लिहितात, तीही नकळत एकमेकांनाच.

मूळ नाटक हंगेरियन लेखक मिक्लोश लास्लो यांचं. त्यात दुकान अत्तरांचं होतं. स्टुअर्ट आणि सुलव्हन दोघेही मोकळे होईपर्यंत दिग्दर्शक अर्न्स्ट लुबिच थांबला. नुसता बसून राहिला नाही. मधल्या काळात त्याने ग्रेटा गार्बोला घेऊन ‘निनोच्का’ करून टाकला. मग हा चित्रपट २८ दिवसांत उरकला. बहुतेक चित्रीकरण एकाच मोठ्या सेटवर आणि कथेच्या क्रमाने झालं. दुकानातली माणसं एकमेकांना सरावलेली वाटतात, त्याला हेही एक कारण असावं.

लुबिच बर्लिनच्या शिंप्याचा मुलगा. वडिलांच्या धंद्यात तो दिवसा हिशेब लिहायचा आणि रात्री नाटकात कामं करायचा. त्यामुळे गल्ला, गिऱ्हाईक आणि मालकाची मर्जी त्याला पुरती ठाऊक. सुलव्हनने भूमिकेसाठी दोन डॉलरच्या आतबाहेरचा तयार झगा आणला, तर लुबिचला दुकानातल्या पोरीच्या मानाने तोही फार झोकदार वाटला, असा किस्सा सांगतात. शेवटी झगा उन्हात टाकून विटवला आणि अंगाला नीट बसणार नाही असा करून घेतला म्हणे.

उघडल्यावर ‘ओची चोर्निया’ची धून वाजवणारी सिगारेटची डबी नीट पाहा. मालकाला ती पसंत, क्रालिकला अजिबात नाही. नोकरी मागायला आलेली क्लारा तीच डबी मिठाईची म्हणून एका बाईंच्या गळ्यात मारते: झाकण उघडलं की गाणं वाजतं, म्हणजे खाणं आवरायची आठवण होते! नोकरी पक्की. पुढे उरलेल्या डब्या भाव पाडून काचेत पडून राहतात आणि नाताळला क्लारा नेमकी तीच डबी आपल्या निनावी प्रियकराला द्यायचं ठरवते. तोवर क्रालिकला सगळा उलगडा झालेला असतो. डबी टळावी आणि आपल्याला पाकीट मिळावं, म्हणून तो सहकारी पिरोविचला मध्ये घालतो. प्रेमातही मालाची पारख सुटत नाही.

सगळ्यात देखणी जागा टपालपेटीची. कॅमेरा पेट्यांच्या मागच्या बाजूला आहे. हातमोजा घातलेला हात रिकाम्या २३७ क्रमांकाच्या पेटीत चाचपडतो, मग त्या चौकटीत क्लाराचा पडलेला चेहरा दिसतो. संवाद एकही नाही. असा शॉट आज कोणी घेतला, तर वर व्हायोलिन ओतल्याशिवाय राहणार नाही.

विनोदाखाली काळोखही आहे. बायकोच्या प्रकरणाने खचलेला मातुशेक आत्महत्येच्या टोकाला जातो. ही भूमिका फ्रँक मॉर्गनची, म्हणजे आदल्याच वर्षी ‘द विझर्ड ऑफ ओझ’ चित्रपटात जादूगार झालेल्या नटाची. काळोख पडद्यामागेही होता: लुबिचचं नागरिकत्व नाझींनी १९३५ मध्ये काढून घेतलं होतं. पिरोविच झालेला फेलिक्स ब्रेसार्टही जर्मनी सोडून आलेला. त्यांनी उभं केलेलं हे बुडापेस्ट हॉलिवुडमधल्या स्टुडिओतलं आहे आणि त्यात युद्धाचा मागमूस नाही.

याच कथेवर १९६३ मध्ये ‘शी लव्हज मी’ ही संगीतिका आली आणि १९९८ मध्ये ‘यूव्ह गॉट मेल’ हा चित्रपट. त्यात पत्रांच्या जागी ईमेल आली. नायिकेच्या पुस्तकांच्या दुकानाला मात्र नाव दिलं ‘द शॉप अराउंड द कॉर्नर’. मला विचाराल तर मूळ चित्रपट कितीतरी सरस, कारण त्यातल्या प्रत्येकाला पगाराची काळजी आहे. यंदा पाहायला बसलात, तर मालक ‘प्रामाणिक मत’ मागतो तेव्हा पिरोविच कुठे गायब होतो, तेवढं चुकवू नका.