संगणकातील अडगळ

गावोगावच्या शाळांतून आता संगणक येऊन बसला आहे. पटनोंदणी, शिष्यवृत्तीचे अर्ज, निकालपत्रके, सारे काही त्याच्या पोटात असते. हाच संगणक एके दिवशी मंदावतो. बटण दाबून चहा घेऊन यावे, तरी पडदा आपला तसाच! मग कोणी तरी सांगतो, "गुरुजी, नको त्या फायली उडवा, म्हणजे पळेल." हा सल्ला अर्धा खरा आहे; पण न समजता पाळला, तर वर्षाचे दप्तर घालवून बसाल.

संगणकाला दोन जागा लागतात. चालू काम होते ती 'रॅम', म्हणजे आपले खळे. आणि फायली कायम राहतात ती 'डिस्क', म्हणजे कोठार. खळ्यावर दाटी झाली, की संगणक काही पेंढ्या तात्पुरत्या कोठारात नेऊन ठेवतो. कोठारच गच्च भरलेले असेल, तर ठेवणार कुठे? विंडोजच्या नव्या सुधारणा बसवायलाही मोकळी जागा लागतेच. म्हणून 'सी' ड्राइव्ह काठोकाठ भरला असेल, तर सफाईचा गुण येतो. पण कोठार निम्मे रिकामे असताना आणखी चार पोती बाहेर काढून काय होणार? अशा वेळी संगणक सुरू होताच आपोआप उघडणारे कार्यक्रम पाहावेत. ते 'टास्क मॅनेजर'मध्ये 'स्टार्टअप'खाली दिसतात. नको असलेले तिथेच बंद करता येतात.

आता प्रत्यक्ष सफाई. 'सेटिंग्ज'मध्ये 'सिस्टिम', त्यात 'स्टोरेज', त्यात 'टेम्पररी फाइल्स' उघडा. कार्यक्रमांनी कामापुरत्या निर्माण केलेल्या आणि मागे राहिलेल्या फायलींची यादी आकारासह दिसेल. हा केर खुशाल काढावा. मात्र त्याच यादीत 'डाउनलोड्स' हेही नाव असते, बरं का! वरून आलेली परिपत्रके, पालकांनी पाठवलेली कागदपत्रे बहुधा तिथेच पडलेली असतात. तिथे खूण करण्यापूर्वी आत डोकावून पाहा. 'विंडोज' आणि 'प्रोग्रॅम फाइल्स' या कप्प्यांतले तर हाताने काहीच काढू नका. कार्यक्रम नको असेल, तर तो 'अनइन्स्टॉल' करावा.

चुकून पुसलेली फाइल परत मिळावी म्हणून १९९५ साली विंडोज ९५ मध्ये 'रिसायकल बिन' ही टोपली आली. टोपली रिकामी करीपर्यंत जागा मोकळी होत नाही, हे ध्यानात ठेवा. पण शिफ्ट दाबून पुसलेली किंवा पेनड्राइव्हवरून पुसलेली फाइल या टोपलीत जातच नाही.

आणि चूक काय फक्त आपल्याच हातून होते? ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० ची सुधारणा बसवताना काही लोकांच्या स्वतःच्या फायली नाहीशा झाल्या, आणि मायक्रोसॉफ्टला तिचे वाटप थांबवावे लागले. 'एका टिचकीत संगणक वेगवान' अशा जाहिरातींच्या कार्यक्रमांवर मग किती विसंबावे, हे आपणच ठरवा.

तेव्हा क्रम असा ठेवा: आधी शाळेच्या कागदांची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर, ती उघडते की नाही याची खात्री, मग जागेची पाहणी, आणि शेवटी केर. संगणक नवा आणता येतो. दहावीच्या मुलांची गुणपत्रके पुन्हा कुठून आणणार?