पेटी समोर वाजली ती पहिली रात्र

वाचक मंडळी, एक साधा प्रश्न विचारतो. रेडिओवर नाही, टेपवर नाही, मोबाईलवर तर नाहीच नाही. वाजवणारा माणूस डोळ्यांसमोर बसलाय आणि त्याच्या हातातून निघालेला सूर तुम्ही तिथल्या तिथं ऐकताय, असं तुमच्या आयुष्यात पहिल्यांदा कधी घडलं? शहरातला माणूस एखाद्या नाट्यगृहाचं नाव सांगेल, तिकिटाचा दर सांगेल. आपल्याकडच्या माणसाला विचारा, तो बांधी सांगेल. धान कापून मोकळी झालेली बांधी, बसायला तणस, अंगावर घोंगडी, आणि रात्री दहाच्या पुढं सुरू होऊन कोंबडा आरवेपर्यंत चाललेलं नाटक.

अहेरी-आलापल्लीकडच्या वाचकांचं उत्तर मात्र थोडं वेगळं येईल, ते आधी सांगितलं पाहिजे. आपल्या भागात गाणं तीन वाटांनी येतं. भामरागड, एटापल्लीच्या माडिया गावात वाढलेल्या पोरानं पहिल्यांदा ऐकला तो ढोल आणि रेला. त्याला ‘कार्यक्रम’ म्हणताच येत नाही, कारण तिथं बघणारा कुणी नसतोच. ज्याला पाय आहेत तो फेरात, ज्याला गळा आहे तो गाणार. प्राणहितेच्या काठावर, सिरोंच्याच्या बाजूला तेलुगू बोलणाऱ्या घरांत ओग्गू कथा आणि बुर्रकथा ठाऊक असतात. नदी ओलांडली की तेलंगणच लागतं, आणि गाणं नदीला कधी अडलेलं नाही. आणि खुद्द अहेरीत दसऱ्याची पालखी निघते तेव्हा गर्दीत बापाच्या खांद्यावर बसून ज्यांनी पहिल्यांदा वाद्यं ऐकली, अशी माणसं घरोघर सापडतील.

तिसरी वाट उत्तरेकडची, झाडीपट्टीची. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि आपल्या गडचिरोलीचा वरचा भाग म्हणजे झाडी. दंडार आणि खडी गंमत ही इथली जुनी करमणूक. ढोलकी, चोनकं, टाळ एवढ्यावर भागायचं, आणि बाईचं सोंगही पुरुषच घ्यायचा. याच मातीतून पुढं झाडीपट्टीचं नाटक उभं राहिलं. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोली आणि इथल्या लोककलांवर आयुष्यभर काम केलं, म्हणून निदान हे सारं कागदावर तरी आलं. आज देसाईगंजात म्हणजे आपल्या वडशात दिवाळीच्या सुमारास गेलात तर नाट्यमंडळांच्या कचेऱ्या ओळीनं उघडलेल्या दिसतील. भिंतीला रंगीत पत्रकं, दारात गावोगावची मंडळी, आत तारखांची वही. दिवाळीनंतरच्या मंडईपासून होळीपर्यंत हा हंगाम. असा हंगाम का, हे शेतकऱ्याला सांगायला नको. धान घरात येतं, हातात चार पैसे असतात, बांधी रिकामी असते आणि बैल मोकळे असतात.

मी स्वतः अहेरीच्या बाजूचा. सत्तरच्या दशकातली गोष्ट, तेव्हा आपण चंद्रपूर जिल्ह्यातच होतो. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ ला झाला. मामाचं गाव आरमोरीच्या पलीकडं. शंकरपटाला म्हणून नेलं होतं. दिवसा बैल पळाले, ते फारसं आठवत नाही. रात्रीचं आठवतं. आम्हा पोरांना अगदी पुढं ढकललेलं, त्यामुळं रंगमंचापेक्षा त्याच्या पुढ्यात बसलेले वादकच जास्त दिसत होते. तबलजी एक लहानशी हातोडी घेऊन तबल्याच्या कडेला ठोकत होता, कान लावत होता, परत ठोकत होता. मला वाटलं तबला मोडलाय. मामा म्हणाला, ‘‘अरे, लावून ऱ्हायला तो. थांब जरा.’’ मग पायपेटीवाल्यानं पाय हलवायला सुरुवात केली आणि पहिला सूर निघाला. रेडिओ मी त्याआधी ऐकला होता. रेडिओचा आवाज कानाशी येतो. हा आवाज जमिनीतून, तणसातून वर येऊन छातीत बसला. शेजारचं पोरगं घाबरून मागं सरकलं, हेही आठवतं.

पण खरं सांगायचं ते पुढचं. मध्यरात्र उलटल्यावर राजाचं काम करणारा नट पद म्हणता म्हणता अडला. पुढची ओळ आठवेना. पेटीवाल्यानं मान वर केली, त्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि तोच सूर घोळवत राहिला. तबलजीनंही बोल न सोडता तिथंच फिरवत ठेवलं. किती वेळ, ते सांगता येणार नाही. नटानं आवंढा गिळला, ओळ सापडली, आणि तिघं एकदम पुढं निघाले. लोकांना वाटलं असंच बसवलंय! टाळ्या पडल्या. मी इतका जवळ होतो म्हणून मला कळलं की वाजवणारा माणूस गाणाऱ्यासाठी थांबला होता.

तुम्ही म्हणाल, यात एवढं काय? यातच सगळं आहे. वाजवणारा थांबतो, भरलेली रेकॉर्ड थांबत नाही. ‘वन्स मोअर’ मागितला तर गाणं परत सुरू होतं, कारण समोर माणसं असतात. एखाद्या लावणीवर लोक खूश झाले, कुणी बक्षीस दिलं, माईकवर नाव पुकारलं, तर तेवढा वेळ ढोलकी चालूच राहते आणि नाव संपताच बरोबर समेवर येते. प्रेक्षक पेंगायला लागले की पहाटे तीनला लय वाढवायची, हे पेटीवाल्याला कुणी शिकवलेलं नसतं. तो बांधीकडं बघून ठरवतो. तुम्ही पहिल्यांदा हे ऐकलंत त्या रात्री तुम्हीही त्या वाजवण्यात सामील होतात, तुम्हाला माहीत नसलं तरी.

आता ज्या कारणानं हे लिहायला बसलो त्याकडं येतो.

नाटकाला एक मोठा धक्का बसला तो शंकरपटाचा. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं बैलांच्या शर्यती बंद झाल्या. आपल्याकडं पट आणि नाटक ही जोडी आहे. दिवसा पट, रात्री नाटक, त्याच दोन-तीन दिवसांत लेकी माहेरी येणार, पाहुणे येणार, सोयरिकीही तिथंच जुळणार. पट गेला तसा कित्येक गावांचा मेळा विस्कटला. मंडईवर नाटकं तगली. पुढं १६ डिसेंबर २०२१ ला न्यायालयानं अटी घालून महाराष्ट्रात शर्यतींना परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं राज्याचा कायदा ग्राह्य धरला. मधे २०२० चा करोना होताच. त्या काळात कलावंत धान कापायला, रोजीला गेले. नटाची निदान ओळख असते. तबलजीला कोण ओळखतो? पत्रकावर नट-नट्यांचे फोटो मोठे, वादकांची नावं तळाशी बारीक अक्षरात.

२०२३ साली कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीच्या परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा साऱ्या झाडीनं आनंद केला, तो रास्तच. शेती सांभाळून जन्मभर रंगमंचावर उभा राहिलेला हा माणूस. पण खुणे असोत की दुसरा कुणी, त्यांची पदं रात्र रात्र ज्यांनी उचलून धरली ती माणसं रंगमंचाच्या खालीच बसलेली असतात.

पट परत आला, पण समोर बसून वाजवणारे सगळे परत आले असं समजू नका. आता ऑर्गनसोबत ऑक्टोपॅड आला आहे. त्याची मला तक्रार नाही. वाजवणारा माणूसच आहे, त्याचंही कसब आहे. तक्रार आहे ती पेनड्राईव्हची. नाचगाण्याला भरलेलं संगीत लावायचं, वादकांची दोन माणसं कमी करायची, कंपनीचा खर्च वाचतो आणि गावाला वाटतं आवाज मोठा झाला. मंडईला, वरातीला, गणपतीला तर डीजे ठरलेलाच. अहेरी, मुलचेऱ्याकडच्या एखाद्या गावात आज दहा वर्षांचं पोरगं असेल, त्यानं हातभर अंतरावरून वाजणारी पेटी एकदाही ऐकली नसेल. वडशाहून आपल्यापर्यंत दीडशेच्या पुढं किलोमीटर होतात. कंपनी इतक्या लांब येते तेव्हा गाडीत माणसं कमी घेण्याचा मोह होतोच.

इथं सरपंच, पोलीस पाटील आणि ग्रामसेवक मंडळींशी दोन शब्द बोलायचे आहेत. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणं रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर लावता येत नाही. सण-उत्सव, सांस्कृतिक कार्यक्रमांसाठी राज्य सरकार ठराविक दिवशी बारापर्यंत सूट देऊ शकतं, पण वर्षातले १५ दिवसच. २०१० च्या दुरुस्तीनं रात्रीच्या बंदीत वाद्यंही आली. दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्या भोवतालचा शंभर मीटरचा भाग सरकार शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करू शकतं. रात्रभराचं नाटक आणि हे नियम यांचा मेळ बसत नाही, हे उघड आहे, आणि तो बसवण्याचं काम आपल्या आमदार-खासदारांचं आहे. त्यांना ते गावांनी ठरावानं सांगावं. पण एक गोष्ट आपल्या हातातली. छाती धडधडवणारा डीजे आणि बांधीतली पेटी-ढोलकी यांना एकाच मापानं मोजू नका. एक आवाज तीन गावं पलीकडच्या आजाऱ्याला झोपू देत नाही. दुसरा बांधीच्या धुऱ्याबाहेर जेमतेम जातो. परवानगीचा अर्ज वेळेत ठाण्यात द्या, कार्यक्रम काय आहे ते स्पष्ट लिहा, कर्ण्यांची तोंडं वस्तीकडं नको, प्रेक्षकांकडं करा. पुष्कळ भांडणं एवढ्यावर मिटतात.

आणि मंडळाच्या पोरांनो, तुम्ही वडशाला नाटक ठरवायला जाल तेव्हा नटी कोण, लावणी किती, एवढंच विचारून परत येऊ नका. वाजवणारे किती येणार, काय काय वाजवणार, हे विचारा आणि कराराच्या कागदावर लिहून घ्या. कंपनीवाला नाही म्हणणार नाही. गिऱ्हाईक मागतं तेच तो विकतो. तिकिटाच्या पैशातून देऊळ बांधता, शाळेला भिंत घालता, चांगली गोष्ट आहे. त्यातून शंभराच्या दोन नोटा वादकांच्या हातात, सगळ्यांसमोर माईकवर नाव पुकारून दिल्यात तर मंडळ बुडत नाही.

पोरांना पुढं बसवा. खुर्चीचं तिकीट मागं असतं, तणसावरची जागा पुढं. लहान पोराला तणसावर, वादकांच्या अगदी जवळ सोडा. गावात कुणी ढोल वाजवणारा माडिया भाऊ असेल, कुणी भजनाची पेटी धरणारा असेल, तर नाटक सुरू होण्याआधीचा अर्धा तास त्याला द्या. पडदा उघडायला नाहीतरी उशीर होतोच.

आणखी एक. पौषाच्या रात्री बांधीत दव पडतं. दव बसलं की तबल्याचं, ढोलकीचं चामडं सैल होतं आणि सूर उतरतो. मग बिचारा तबलजी हातोडीनं ठोकत राहतो आणि लोक ओरडतात. वादकांच्या डोक्यावर एक ताडपत्री बांधा, त्यांच्यापासून चार हातांवर शेकोटी ठेवा, आणि दोनच्या सुमाराला चहा आधी त्यांच्याकडं पाठवा.