आंबोण, मुरघास आणि गुरांचें पोट

श्रावण अमावास्येला खान्देशांत गांवोगांव पोळा साजरा होतो. बैलांना न्हाऊं घालून, अंगावर झूल चढवून पुरणपोळीचा घास देतात. वर्षभर राबणाऱ्या जनावराविषयींची ही कृतज्ञता योग्यच आहे. परंतु प्रेमाच्या भरांत घमेलेंभर पोळ्या व भरडलेलें धान्य चारलें गेलें, तर दुसऱ्या दिवशीं तोच बैल गोठ्यांत आडवा पडलेला दिसतो. असें कां व्हावें?

गुरांच्या पोटाचे चार कप्पे असतात. त्यांतील सर्वांत मोठा तो कोठीपोट. तेथें जनावराचा स्वतःचा पाचकरस नसतो; असंख्य सूक्ष्म जंतूच वैरण आंबवितात. कडब्यांतील तंतूंपासून ते जीं सौम्य आम्लें तयार करितात, त्यांवरच जनावराची शक्ति मुख्यतः अवलंबून असते. वायु ढेकरांवाटे निघून जातो, आणि रवंथ करितांना गिळलेली क्षारयुक्त लाळ आम्लाचा जोर मोडते.

धान्याची गोष्ट निराळी. त्यांतील पिष्ट झपाट्यानें आंबतें व दुग्धाम्ल सांचतें. कोठीपोटाचा सामू एरव्हीं ६ ते ७ असतो. तो ५ च्या खालीं घसरला, कीं उपयोगी जंतू मरतात, रवंथ बंद पडतो आणि रक्तांतील पाणी पोटांत ओढलें जातें. डावी कूस फुगली, शेण पातळ व आंबूस झालें, तर घरगुती उपायांत वेळ न दवडतां पशुवैद्यास बोलवावें. खळ्यावर सुटलेल्या जनावरानें ज्वारीच्या राशींत तोंड घातलें असेल, तर लक्षणांची वाटहि पाहूं नये.

मग आंबोण वाईट काय? मुळींच नाहीं. सरकीची पेंड, चुणी, कोंडा भिजवून अवश्य द्यावा. मात्र आधीं कडबा, मग आंबोण. माप वाढवावयाचें तर दहा-पंधरा दिवसांत थोडें थोडें वाढवावें. बुरशी धरलेली पेंड फेंकून द्यावी.

आंबविण्याची खरी उपयुक्त रीत म्हणजे मुरघास. पोळा झाला, कीं लवकरच खरिपाची ज्वारी व मका निसवूं लागतात. ज्वारी फुलोऱ्यांत आल्यावर व मक्याचे दाणे चिकांत असतांना कापणी करावी. फुलोऱ्यापूर्वींची कोवळी, विशेषतः पावसानें ताण दिलेली ज्वारी विषारी असते. ती हिरवी चारूं नये. वैरणीचे बोटाच्या पेऱ्याहून लहान तुकडे करून खड्ड्यांत थरावर थर दाबावेत. हवा राहिली तर बुरशी येते, म्हणून तुडविण्यांत आळस नको. वरून कागद व माती घालून ४५ ते ६० दिवस तोंड बंद ठेवावें.

मुरघासहि आंबटच असतो. मग तो कां बाधत नाहीं? कारण त्यांतील बरीचशी साखर खड्ड्यांतच आंबून गेलेली असते. उरलेले तंतू पोटांत सावकाश पचतात, आणि ते चघळतांना लाळहि भरपूर सुटते. तरीहि संवय हळूहळूच लावावी.

गिरणा-पांझरेच्या कांठीं वैशाखांत हिरवें पान दुर्मिळ होतें. त्या दिवसांत गव्हाणींत मुरघास पडावा, एवढ्यासाठीं पोळ्यानंतरचे हे चार दिवस कष्टावें. सणाला मात्र बैलास एक पोळी पुरे.