संगणक सुरू होण्यास विलंब? उपाय करा, पण जपून

अलिबाग, मुरूड वा श्रीवर्धनमधील सेवा केंद्रात सातबारा किंवा दाखल्यासाठी रांग लागलेली असते आणि संगणक मात्र सुरू होता होत नाही. प्रिंटर, स्कॅनर, अंगठ्याचा ठसा घेणारे यंत्र अशी अनेक उपकरणे अशा संगणकाला जोडलेली असतात. प्रत्येकासोबत ड्रायव्हर आणि बहुधा एखादी सर्व्हिसही येते. उपकरण मोडीत निघाले, तरी हा पसारा मागे उरतो.

विलंबाचे कारण आधी शोधावे. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमधील 'डायग्नोस्टिक्स-परफॉर्मन्स' या नोंदवहीत क्रमांक १०० ची नोंद सुरू होण्यास लागलेला वेळ सांगते. १०१, १०२ व १०३ या नोंदी अनुक्रमे रेंगाळणारा प्रोग्रॅम, ड्रायव्हर आणि सर्व्हिस दाखवतात.

बदलांपूर्वी महत्त्वाच्या फायलींची प्रत काढावी व रिस्टोअर पॉइंट तयार करावा. विंडोजचा पासवर्ड आणि बिटलॉकर वापरात असल्यास त्याची रिकव्हरी की हाताशी ठेवावी. प्रथम टास्क मॅनेजरच्या 'स्टार्टअप' विभागातील अनावश्यक प्रोग्रॅम बंद करावेत. त्यानंतर 'एमएसकॉन्फिग' उघडून 'सर्व्हिसेस'मध्ये मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हिस लपवण्याच्या पर्यायावर खूण करावी. ही खूण न करता सरसकट सर्व सर्व्हिस बंद केल्यास संगणकात प्रवेश करणेच अवघड होऊ शकते. उरलेल्यांपैकी निम्म्या बंद करून संगणक रिस्टार्ट करावा. फरक पडल्यास दोषी त्या निम्म्यांत आहे, अन्यथा दुसऱ्या निम्म्यांत. अँटिव्हायरसला हात लावू नये.

ड्रायव्हरच्या बाबतीत अधिक सावधगिरी हवी. डिव्हाइस मॅनेजरमध्ये शंकास्पद उपकरण काढून न टाकता केवळ 'डिसेबल' करावे, म्हणजे ते पुन्हा सुरू करता येते. डिस्क कंट्रोलर व 'सिस्टिम डिव्हायसेस'मधील घटक मुळीच बंद करू नयेत. एका वेळी एकच बदल करून तो वहीत टिपावा. काही बिघडलेच, तर सेफ मोडमध्ये जाऊन तो बदल मागे घेता येतो.

एवढे करूनही फरक न पडल्यास हार्ड डिस्क तपासावी. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा अनेक गावे कित्येक दिवस अंधारात होती. अचानक वीज गेल्यास फायली बिघडू शकतात, तर खारट, दमट हवेने यंत्राचे भाग गंजतात. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'बॅड ब्लॉक'च्या नोंदी वारंवार दिसू लागल्यास सर्व्हिस बंद करण्यात वेळ दवडू नये. माहिती तातडीने दुसरीकडे हलवून डिस्क बदलणेच श्रेयस्कर.