फ्रेंच गिऱ्हाईक फोनवर आले तर...

परदेशचे गिऱ्हाईक पूर्वी पत्र पाठवीत असे. आता ते सरळ व्हिडिओ लावते आणि म्हणते, माल दाखवा! गिऱ्हाईक फ्रान्सचे असो की मोरोक्को, ट्युनिशिया, सेनेगलचे, बोलणे फ्रेंचवर येण्याचा संभव फार. चपला, हिमरू शाली किंवा कापड बाहेर पाठवणाऱ्या आमच्या बांधवांनी अख्खी भाषा शिकावी असे आम्ही म्हणत नाही. दहा-बारा वाक्ये तोंडी असली तरी पुष्कळ काम भागते.

फोन उचलताना "अलो" म्हणावे. लगेच "बोंझूर" म्हणावे. त्याआधी भाव काढणे तिकडे उद्धटपणाचे समजतात. मोठ्या पेढीत फोन केला तर विचारतील, "द ला पार द की?" आपल्याकडच्या "कोणाकडून?" सारखेच हे. नाव सांगितले की उत्तर येते, "न किते पा". शब्दशः अर्थ "सोडून जाऊ नका", म्हणजेच फोन धरून ठेवा. "पा" हा नकार आहे एवढेच ठाऊक असल्याने आम्ही एकदा, साहेब नाहीत असे समजून, फोन ठेवून दिला होता!

ऐकू येत नसेल तर "झ वू-झांतां माल". पुन्हा सांगा म्हणायचे तर "पूव्हे-वू रेपेते, सिल वू प्ले?" हळू बोला, "प्लू लांत्मां". व्हिडिओवर समोरच्याचे ओठ हलतात पण आवाज नाही, तेव्हा "व्होत्र मिक्रो ए कूपे", तुमचा माईक बंद आहे. लाईन फारच खराब असेल तर "झ वू रापेल", मी परत फोन करतो. गिऱ्हाइकाला नेहमी "वू" म्हणजे "आपण" म्हणावे. "त्यू" म्हणजे "तू". ते घरच्यांसाठी आणि दोस्तांसाठी.

खरी मेख आहे ती आकड्यांत. फ्रान्समध्ये सत्तरला "साठ-दहा" म्हणतात, "स्वासांत-दीस". ऐंशी म्हणजे चार विसा, "कात्र-व्हँ". नव्वद म्हणजे चार विसा आणि दहा, "कात्र-व्हँ-दीस". आमची म्हातारी माणसे विसांनी मोजत, त्यांना हे लवकर उमगले असते. शेवटचे "दीस" कानावरून निसटले की नव्वद जोडांच्या जागी ऐंशीच बांधले जातात, आणि दहा जोडांचा वाद उरतो. बेल्जियम व स्वित्झर्लंडमध्ये मात्र सत्तरला "सेप्तांत" आणि नव्वदला "नोनांत" असे सरळ शब्द आहेत.

मुदतीचेही तसेच. "कँझ झूर", म्हणजे पंधरा दिवस, असे म्हटले की त्यांच्या मनात दोन आठवडे असतात. "वी झूर", आठ दिवस, म्हणजे एक आठवडा. म्हणून वार व तारीख ठरवूनच फोन ठेवावा. वेळ ते चोवीस तासांच्या हिशेबाने सांगतात. तिकडचे चौदा वाजले की इकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेपाच आणि हिवाळ्यात साडेसहा होतात, कारण ते लोक मार्च व ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ बदलतात.

बोलणे झाल्यावर आकडे लिहून मागवावेत, पण तेही डोळे उघडे ठेवून. त्यांचा स्वल्पविराम म्हणजे आपला दशांश टिंब. १२,५० युरो म्हणजे साडेबारा युरो. आपण १,२५० लिहिले, तर त्यांच्या वाचनात ते सव्वा होते! हजारांनंतर ते नुसती मोकळी जागा सोडतात, १ २५०. दरपत्रक पाठवताना आपणही तसेच लिहावे.